सोलापूरचा टॉवेल, पुण्यातलं दुकान: ड्रॉपशिपिंगचा माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे टॉवेल मी पुण्यात बसून विकते. माल माझ्या घरी येत नाही. ग्राहक माझ्या वेबसाइटवर पैसे भरतो, मी तीच ऑर्डर घाऊक भावाने कारखान्याला देते आणि पार्सल तिथूनच थेट त्याच्या पत्त्यावर निघतं. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. गोदाम लागत नाही, माल अंगावर पडत नाही, हे खरंच. पण पार्सल कुणीही बांधलं तरी विक्रेती मीच, ग्राहकाच्या लेखी आणि कायद्यानेही.

आधी जीएसटी. महाराष्ट्राबाहेर एक टॉवेल विकायचा तरी नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. बिलांचा घोळ समजायला मला वेळ लागला, कारण पार्सल एक आणि विक्री दोन. बेंगळुरूच्या ग्राहकाचा माल सोलापुरातून थेट कर्नाटकात जातो. पण कारखान्याचं बिल माझ्या नावावर, म्हणून त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर. माझं बिल ग्राहकाच्या नावावर, त्यावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर. सीएंनी कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा डोक्यात शिरलं. पार्सलमध्ये फक्त माझं बिल जातं. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नग, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन हवाच. कोणत्या देशात बनलं हे वेबसाइटवरही लिहावं लागतं.

खरी मेहनत कारखान्याला राजी करण्यात गेली. तिथे माल गाठींनी जातो. मालक म्हणाले, "ताई, टॉवेल मी चांगला देतो. पण एकेक पीस दहा गावांना पाठवायला माझ्याकडे माणूस कुठाय?" त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी दर पार्सलमागे वेगळी पॅकिंगची मजुरी आणि थोडी अनामत त्यांच्याकडे ठेवायची, असं ठरलं. कुरिअरचं खातं माझं, पिकअपचा पत्ता त्यांचा. रोज सकाळी मी पार्सलवरच्या पत्त्याच्या लेबलांची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप करते, दुपारी कुरिअरवाला माल उचलतो.

पॅकिंग पाहायला मी मुद्दाम सोलापूरला गेले, आणि ज्यांना हे काम सुरू करायचंय त्या प्रत्येकाला मी हेच सांगते: एकदा तरी जाऊन या. दोन टॉवेलचा सेट जेमतेम किलोभर, पण कुरिअर आकारमानाचं वजनही मोजतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४०×३०×१५ च्या खोक्याचे ३.६ किलो होतात! पॅकिंगच्या टेबलावरच्या अक्का आपसात तेलुगूत बोलत होत्या. त्यांतल्या एकीने खोकं बाजूला सारलं, टॉवेलची चपटी घडी घातली, हाताने हवा काढली आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला. पाकीट ३२×२६×८ चं झालं, वजन १.३३ किलो. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी बचत त्या टेबलावर झाली.

साठ्याचं तसं सोपं नाही. एखाद्या व्यापाऱ्याने सगळा मरून रंग उचलला तर वेबसाइटला ते कसं कळणार? म्हणून कारखान्यात दहा नग उरले की मी तो रंग बंद करते. नव्या लॉटचा रंग किंचित वेगळा येतो, तेव्हा फोटोही नवा काढते.

आता हिशेब. सेट ८९९ रुपयांना. त्यातला ५ टक्के कर वजा केला की ८५६. घाऊक भाव पॅकिंगच्या मजुरीसकट ४८०, कुरिअर ८०, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) १८, जाहिरात साधारण १५०. उरतात १२८. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल कुणी घेतलं नाही, म्हणजे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन परत आलं, तर येण्याजाण्याचं कुरिअर आणि जाहिरात धरून ३१० रुपये जातात, म्हणजे जवळजवळ अडीच ऑर्डरींचा नफा. त्यामुळे सीओडीच्या प्रत्येक ग्राहकाला मी आधी फोन करते. फोन उचलला नाही तर लेबल काढत नाही. परतीचा माल मात्र सोलापूरला न पाठवता पुण्यात मागवते. टॉवेल धुतलेला आहे की कोरा, हे हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

चादरीही ठेवा, असं मालक कधीपासून म्हणताहेत. सोलापुरी चादर मला जिवापाड आवडते, पण जड पडते. कुरिअरचा दर जमला की तीही घेईन.