‘अस्सल’ लिहिलंय म्हणून घेऊ नका : बाल्टिकच्या किनाऱ्यावरून अंबरपुराण

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर सुट्टीला येणारे आपले लोक हमखास एका चिठ्ठीला फसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दुकानात मधाळ रंगाच्या मण्यांची माळ टांगलेली असते, तिला ‘एश्त बेर्नश्टाइन’ अशी चिठ्ठी. फोन भाषांतर करून देतो, ‘अस्सल अंबर’, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगडासारखी झालेली राळ. झालं, माळ पिशवीत.

पण इथल्या व्यापारात ‘एश्त’ ही चिठ्ठी दाबीव मालालाही चालते. मणी घडवताना उरलेला चुरा आणि बारीक खडे दोनशे अंशांच्या आसपास तापवून, दाब देऊन त्यांची एकसंध कांडी करतात आणि तिच्यातून नवे मणी कापतात. बाहेरचं काही मिसळलेलं नसतं, राळ तीच असते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ही भेसळ नव्हे. १९३४ मध्ये जर्मनीने ‘बेर्नश्टाइन’ या शब्दाच्या रक्षणासाठी चक्क वेगळा कायदा केला होता. प्लॅस्टिकच्या नकलांना हे नाव लावता येऊ नये म्हणून. नकली माल बाहेर राहिला, दाबीव माल मात्र आत बसला. समुद्राने दिलेला अखंड खडा हवा असेल, तर चिठ्ठीवर ‘नाटूरबेर्नश्टाइन’ असं लिहिलेलं पाहिजे. ‘नाटूर’ नसेल, तर दाबीव धरून भाव करा.

ज्या देशात पाण्याच्या बाटलीवर कॅल्शियम किती मिलिग्रॅम तेही छापतात, तिथे ‘अस्सल’ या शब्दाला एवढी सैल सूट असावी, हे मला अजून पचत नाही. आपल्याकडे ‘एक ग्रॅम सोनं’ विकतात, पण ते काय आहे हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. त्याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एकदा इथल्या किनाऱ्यावरची दुकानं पाहावीत. शेजारच्या पोलंडचं काम त्या मानाने सरळ. ग्दान्स्कमधल्या अंबर व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नैसर्गिक, तापवून सुधारलेला, दाबीव आणि जोडीव असे प्रकार ठरवून दिले आहेत. तिथे प्रमाणपत्रावर ‘नातुराल्नी’ आहे की ‘प्रासोवानी’, एवढं पाहिलं की पुरे. मण्याच्या आत चमकणाऱ्या गोल चकत्या पाहून भाळू नका. गढूळ खडा तापवून थंड करताना बऱ्याचदा त्या मुद्दाम पाडलेल्या असतात.

आता घरी करायच्या परीक्षा. पाव लिटर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. बाल्टिकचा अंबर यात तरंगतो, काच आणि बेकेलाइट तळाला जातात. फसगत कुठे होते, तर माळ चांदीच्या कडीसकट टाकली की खरी माळही बुडते, आणि मण्याच्या भोकात हवा अडकली की प्लॅस्टिकही वर राहतं. म्हणून सुटा मणी घ्या आणि पाण्यातच हलवून बुडबुडा काढून टाका. शिवाय पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक तरंगतं आणि कोपालही तरंगतो. कोपाल म्हणजे कोवळी राळ, अंबर व्हायला जिला काही कोटी वर्षं कमी पडली ती. तिच्यासाठी नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन वापरा. भोकाच्या कडेला एक थेंब ठेवा, काही सेकंदांनी बोट लावून पाहा. चिकट लागलं, तर कोपाल किंवा पॉलिस्टायरिन समजा. अंबर कोरडा राहतो. दाबीव माल मात्र या दोन्ही परीक्षा आरामात पास होतो, कारण तो अंबरच आहे. त्याला दहापट भिंग लागतं. कणांच्या सीमा दिसल्या किंवा बुडबुडे गोल न दिसता एकाच दिशेला चपटे झालेले दिसले, की समजावं.

नावांकडे वळू. ‘बेर्नश्टाइन’ म्हणजे जळणारा दगड. डच लोकांचा ‘बार्नस्टेन’ आणि स्वीडिश ‘बेर्नस्टेन’ हे त्याचेच भाऊ. पोलिश ‘बुर्श्तिन’ही जर्मनकडूनच घेतलेला. डॅनिश लोक नुसतं ‘राव’ म्हणतात (आपल्या रावसाहेबांशी काही नातं नाही). लिथुआनियात ‘गिंतारस’, लाटव्हियात ‘झिंतार्स’. रशियन ‘यांतार’ बहुधा तिथूनच गेला आणि पुढे चेक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन भाषांमध्ये पोचला. फिनिश ‘मेरीपिह्का’ आणि एस्टोनियन ‘मेरेवाइक’ म्हणजे सरळ ‘समुद्रराळ’. ‘अंबर’ हा शब्द मुळात व्हेलच्या सुगंधी द्रव्याचा (ते पुढे येतंच), पण यातल्या एकाही नावाचा व्हेलशी संबंध नाही. उत्तरेकडच्या लोकांनी वस्तू स्वतः किनाऱ्यावरून वेचली, म्हणून तिला नावही स्वतःचं दिलं.

जळणारा दगड हे नाव इथे एका वाईट अर्थानेही लागू पडतं. उझेडोम बेटाच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या आगबॉम्बमधला पांढरा फॉस्फरस अजून सापडतो. रंगाने पिवळा, अंबरासारखाच, ओला असेपर्यंत गार. खिशात वाळला की अंगाच्या उबेनेच पेट घेतो. म्हणून वेचलेला खडा पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, डबा अंगापासून लांब धरायचा आणि खडा पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मुलं सोबत असतील तर हे त्यांना आधी सांगा.

आग्नेय युरोपात आलं की सूर बदलतो. तुर्की ‘केहरिबार’, बल्गेरियन ‘केख्लिबार’, रोमानियन ‘किह्लिंबार’, सर्बियन ‘चिलिबार’, हे सगळे फारसी ‘काहरुबा’चे वंशज. ‘काह’ म्हणजे पेंढा, ‘रुबा’ म्हणजे पळवणारा. लोकरीवर घासलेला मणी गवताची काडी ओढून घेतो, त्यावरून. आपला ‘तृणमणी’ नेमका हाच. आता गंमत पाहा. ग्रीकांच्या ‘एलेक्ट्रॉन’ या अंबरवाचक शब्दावरून साऱ्या जगाने विजेचं नाव घेतलं, पण आजचा ग्रीक माणूस दुकानात ‘केख्रिबारी’ मागतो, म्हणजे पुन्हा तो फारसी पेंढाचोरच. इतका सुटसुटीत शब्द जवळ असताना आपण मात्र इंग्रजीचं बोट धरून पिवळ्या खड्याला ‘अंबर’ म्हणू लागलो. मीही वर तेच केलं आहे, कारण ‘तृणमणी’ म्हटलं तर निम्मे वाचक आयुर्वेदाची पुडी समजतील.

खरा घोळ फ्रान्स, इटली, स्पेन आणि इंग्लंडचा. अरबीत ‘अंबर’ म्हणजे व्हेलपासून मिळणारं सुगंधी द्रव्य, दुसरं काही नाही. दोन्ही वस्तू लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात, दोन्ही हलक्या, दोन्ही जाळल्या की वास सुटतो. तेराव्या शतकाच्या शेवटापासून युरोपात पिवळ्या राळेलाही हेच नाव पडत गेलं. मग फ्रेंचांना विशेषणं जोडावी लागली. ‘आंब्र ग्री’ म्हणजे करडा, तो व्हेलचा. ‘आंब्र झोन’ म्हणजे पिवळा, तो राळेचा. इटालियन ‘आम्ब्रा’ आणि ‘आम्ब्रा ग्रिजा’ यांचीही तीच तऱ्हा. इंग्रजीने ‘अँबरग्रिस’ जसाच्या तसा उचलला. आपले अत्तरवाले मात्र ‘अंबर’ म्हणताना मूळ अरबी अर्थाला धरून आहेत. गोव्यात १५६३ साली छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या औषधी द्रव्यांवरच्या संवादांत ‘आंब्र’वर एक स्वतंत्र संवाद आहे, तोही याच सुगंधी द्रव्याबद्दल. तेव्हा अर्थ बिघडला तो युरोपात, मोहम्मद अली रोडवर नव्हे. अत्तराच्या बाटलीत खरा अंबर किती असतो, हा प्रश्न वेगळा.

जर्मनीत ‘आम्ब्रा’ आणि ‘आम्बर’ हे दोन्ही शब्द व्हेलच्या द्रव्याचेच. दागिन्यांच्या दुकानात ‘आम्बर’ मागितलात, तर इंग्रजी येणारा दुकानदार सांभाळून घेईल, दुसरा सुगंधीच्या दुकानाकडे बोट दाखवेल. तिथे बाटलीवर ‘आंब्रे’ किंवा ‘अँबर’ लिहिलेलं असलं, तर आत बहुतेक तिसरंच काही असतं. सिस्टस या झुडपाची लॅबडॅनम नावाची राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचा उबदार, गोड मेळ. त्यात ना खडा, ना व्हेल. खारट, लाकडासारखा अंबरी वास हवा असेल, तर सुगंधाच्या वर्णनात अँब्रॉक्सन शोधा. ते क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिऑलपासून कारखान्यात बनवता येतं. होमिओपॅथीच्या डबीवरचं ‘अम्ब्रा ग्रिसिया’ मात्र नावाने व्हेलचंच.

आपल्या वर्तमानपत्रांचं लाडकं ‘व्हेल माशाची उलटी’ हे नाव एकदा निकालात काढू. व्हेल मासा नाही आणि हे द्रव्य पोटातून उलटून आलेलंही नसावं. फार थोड्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या म्हाकुळाच्या चोचींभोवती ते साठतं, आणि बाहेर पडतं ते बहुधा विष्ठेच्या वाटेने, नाहीतर व्हेल मेल्यावर. ताजं असताना काळं आणि घाण वासाचं. वर्षानुवर्षं उन्हापाण्यात राहून करडं होतं आणि मग सुगंधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्पर्म व्हेल आहे, त्यामुळे भारतात हे बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. इकडे कुठल्या देशात ते उघड विकत मिळालं, तरी बॅगेत घालून मुंबईला उतरू नका.

‘तिकडच्या किनाऱ्यावर तो करोडोंचा गोळा सापडतो का?’ असं विचारणाऱ्यांसाठी : बाल्टिकमध्ये स्पर्म व्हेल राहत नाहीत. इथल्या वाळूत पांढरट, मेणचट गोळा दिसला तर तो बहुतेक जहाजाच्या टाक्या धुताना सोडलेलं पॅराफिन असतं. तापवलेली सुई टेकवा. मेणबत्तीचा वास येऊन स्वच्छ थेंब झाला तर पॅराफिन. अंबरग्रिस असेल, तर सुईभोवती काळपट, डांबरासारखा चिकट द्रव सुटतो. पिवळ्या खड्याला मात्र सुई लावू नका. तो फॉस्फरस असू शकतो.