आत ठेवलेली माया

सांगलीच्या गावभागात माझे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. लोक तयार कपडे घेऊ लागल्यापासून नवे शिवायला कमी येते आणि फॉल-पिको, चेन बदलणे, सैल करणे, आवळणे यांतच माझा दिवस जातो. सैल करून घ्यायला येणाऱ्या बायका बहुधा स्वतःवरच हसत येतात. आवळून घ्यायला येणाऱ्यांचे मात्र चेहऱ्यावरून काही सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला टेप लावता लावता मी "छान बारीक झालात हो" असे म्हणून गेले आणि त्यांनी शांतपणे उत्तर दिले की उपचार चालू आहेत. तेव्हापासून समोरचे माणूस आपण होऊन बोलेपर्यंत मी फक्त माप वहीत लिहिते.

म्हणूनच मागच्या श्रावणात शाळेतल्या माझ्या बाई दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन दुकानाची पायरी चढल्या, तेव्हा त्यांचा झब्ब्यासारखा झालेला कुडता पाहूनही मी गप्प राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, विचार की काहीतरी! ८४ किलोवरून ६१ वर आले." मधुमेह निघाल्यावर दीड वर्ष रोज चालून आणि जेवणाच्या वेळा पाळून त्यांनी हे केले होते. आता कपाटातला एकही कपडा अंगाला बसत नव्हता, घरचे सगळे बोहारणीला देऊन मोकळे व्हा म्हणत होते आणि बाईंचा जीव त्यात अडकला होता.

पिशव्यांतून १७ नग निघाले. कुडत्यांचा निकाल लवकर लागला. एकूण घेर दोन-अडीच इंचांनी कमी करायचा असेल, तर बाजूच्या शिवणी आत घेऊन भागते. त्यापुढे गेले की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खाली लोंबतो, खांदा दंडावर उतरतो, टक्स, म्हणजे उभारासाठी घातलेल्या चुण्या, नको तिथे येतात आणि मग कपडा सगळा उसवून नव्याने बेतावा लागतो. त्याची मजुरी बाजारातल्या नव्या कुडत्याइतकी होते, हे मी त्यांना स्पष्टच सांगितले. दुकान चालवणारीने असे बोलू नये, पण ज्यांनी मला भूमिती शिकवली त्यांच्यापासून हिशेब काय लपवायचा? सात कुडते त्यांनी ओळखीतल्या एका बाईला द्यायला बाजूला काढले. दोन सुती साड्या अगदी विरल्या होत्या, त्या गोधडीसाठी ठेवल्या. चांगल्या साड्यांना मात्र माझी काही गरजच नव्हती, कारण साडी अंगाप्रमाणे नेसता येते, तरीही त्या का आणल्या म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "तू बघावंस म्हणून."

सगळ्यात खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, मोरपंखी रेशमी ब्लाउज होता. बाईंचे लग्न १९९६ चे, आणि त्या लग्नातला हा ब्लाउज त्यांच्या आईने घरच्या हातमशीनवर शिवलेला. मला तो नवा नव्हता, कारण दोनदा मीच तो सैल करून दिला होता. उलटा करून खिडकीशी धरला. त्या माउलीने बाजूच्या शिवणींत भरपूर माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, ठेवली होती, म्हणून तो इतकी वर्षे टिकला. बगलेपासून कमरेपर्यंत चार रेषा दिसत होत्या: पहिली आईची, ३४ इंच छातीची, दुसरी पहिल्या बाळंतपणानंतर आईनेच सोडलेली, ३६ ची, पुढच्या दोन माझ्या, ३८ आणि ४० च्या. पहिल्या तीन रेषांतला दोरा कधीच निघून गेला होता, पण रेशमात सुईची भोके बुजत नाहीत, त्यामुळे उजेडाकडे धरल्यावर ती बारीक ठिपक्यांसारखी चमकत होती. वर्षानुवर्षे आत दडलेल्या कापडाचा रंग अजून लग्नातला होता, आणि जो भाग जितका उशिरा बाहेर आला तितका तो गडद, असे बाजूला पट्टे पडले होते.

मी टेप लावला, तो बरोबर ३४ वर आला. बाईंना शब्दच सुचेना, मग म्हणाल्या, "आईच्याच शिवणीवर घे." मलाही ते आवडले. कुडत्यांची अडचण इथे येण्याचे कारण नव्हते, कारण मुंढा आणि टक्स मुळातच ३४ साठी बेतलेले होते. मशीन न लावता हाताने कच्चा धावदोरा घातला आणि पडद्याआड ब्लाउज घालून पाहायला दिला.

हूक लागले, पण बाई बाहेर आल्या त्या दोन्ही हात अंगाशी धरून. हात वर करायला सांगितले, तर मुंढा काचला आणि पाठीवर कापड ताणून आडव्या चुण्या पडल्या. जवळजवळ ३० वर्षे फळ्यावर लिहून आणि वह्या तपासून खांदे पुढे आले होते, पाठ रुंद झाली होती, पुढची बाजू मात्र उतरली होती. टेपला बेरीज तेवढी कळते, पुढे किती आणि मागे किती हे तो सांगत नाही. बाई आरशात बराच वेळ पाहत राहिल्या आणि त्यांनी विचारले, "मग आता कापावं लागेल?"

कापायला मी नकार दिला. उतरलेले वजन किमान वर्षभर टिकेपर्यंत कोणाचीही माया मी छाटत नाही, कारण वाढलेल्या अंगासाठी पुन्हा कापड कुठून आणायचे? धावदोरा काढला. पाठीचे पान ३६ च्या रेषेवर सोडले, पुढचे पान ३४ च्याच रेषेवर घेतले आणि दोन्ही जोडून हातानेच बारीक टाके घातले, म्हणजे मशीनची नवी भोके पडणार नाहीत. उरलेली माया आत वळवून टाचली. तासभर लागला, तोवर बाई स्टुलावर बसून बटणांच्या डब्यातली बटणे रंगांप्रमाणे लावत होत्या.

दुसऱ्यांदा घातल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, मग फळ्यावर लिहिल्यासारखा उजवा हात डावीकडून उजवीकडे फिरवला. पाठ नीट बसली होती. काखेखाली मोरपंखी रंगाचा एकच गडद पट्टा दिसत होता. तो झाकू का म्हणून विचारले, तर राहू दे म्हणाल्या.

पैशांवरून थोडी ओढाताण झाली आणि नेहमीप्रमाणे मी हरले. वहीत त्यांच्या नावाच्या पानावर ३८ आणि ४० च्या खाली मी नवे माप लिहिले, पुढे "दुरुस्ति, पुढील श्रावणात पुन्हा पाहणे" असा शेरा मारला. बाईंनी चष्मा लावून तो वाचला, माझ्या हातातले पेन घेतले आणि "दुरुस्ति" मधली वेलांटी दीर्घ केली.