दुसऱ्याच्या नावावर आपली ॲड

मी पुण्यात एका एजन्सीत गूगल ॲड्स बघतो. मध्यंतरी एका खाजगी डोळ्यांच्या हॉस्पिटलचं अकाउंट माझ्याकडे आलं, लीड्स, म्हणजे ॲड बघून येणारे चौकशीचे फोन, ढीगभर येत होत्या पण अर्ध्याहून जास्त लोक चार्जेस ऐकून फोन ठेवत होते, म्हणून कॉल रेकॉर्डिंग ऐकायला बसलो.

एक काका होते साताऱ्याकडचे. "ते ट्रस्टचं हॉस्पिटल ना? आईचा मोतीबिंदू काढायचाय, पिवळं रेशनकार्ड आहे, सवलत मिळते म्हणले." आणि आमच्या क्लायंटची टेलिकॉलर म्हणते, "हो काका, बरोबर लागलाय फोन, पेशंटचं नाव सांगा."

मी सर्च टर्म्स, म्हणजे लोकांनी गूगलवर काय शोधलं ती यादी, उघडली तर त्या ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलचं नाव कीवर्ड म्हणून लावलेलं, म्हणजे कोणी ते नाव शोधलं की आमची ॲड दिसणार, आणि ॲडच्या हेडलाइनमध्ये क्लायंटचं नावच नाही, नुसतं 'डोळ्यांचं हॉस्पिटल, पुणे' आणि कॉलचं बटण. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, पण आईच्या काळजीत असलेला माणूस ते वाचतो का? अमेरिकेत एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २००२ मध्येच सर्च इंजिनांना पत्र पाठवून सांगितलं होतं की पैसे घेऊन दाखवलेले रिझल्ट लोकांना वेगळे ओळखू आले पाहिजेत, तरी आज हे चाललंय. आणि इथे प्रश्न नुसत्या क्लिकचा नाही हो, धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्याच लागतात, आमचा क्लायंट त्यात बसतच नाही.

मॅनेजर म्हणाले, दुसऱ्याचं नाव कीवर्डला घ्यायला गूगलची बंदी नाही, सगळेच घेतात. खरंय. पण २०२३ मध्ये अगरवाल पॅकर्स या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलंय की नुसतं कीवर्ड घेणं म्हणजे ट्रेडमार्कचं उल्लंघन नाही, पण लोकांची फसगत होत असेल तर गूगलसुद्धा हात झटकू शकत नाही. हे सांगून ते हलले नाहीत, मग मी काकांचा कॉल स्पीकरवर लावला. पूर्ण ऐकला त्यांनी, आणि म्हणाले काढून टाक.

त्याच संध्याकाळी ते नाव निगेटिव्हमध्ये टाकलं, म्हणजे ते शोधणाऱ्याला आमची ॲड दिसणार नाही, हेडलाइनला क्लायंटचं नाव लावलं. क्लायंट चिडला, लीड्स पडल्या म्हणून, चिडू दे. काकांना ट्रस्टचा खरा नंबर द्यावा म्हणून क्लायंटच्या ऑफिसातून फोन लावून घेतला, तर ते म्हणाले, "झालं की ऑपरेशन आईचं, तुमच्याकडंच. पैसं मेव्हण्याकडनं घेतलं."