डॉन कझाक रेजिमेंट: रंग झाले, आता बेस आणि घरचे रूल्स

टेबलावरच्या युद्धखेळासाठीचे डॉन कझाकांचे, म्हणजे रशियन सैन्यातल्या डॉन नदीकाठच्या घोडेस्वारांचे, अठराही छोटे पुतळे रंगून झाले. 28 मिमी, प्लास्टिकचे. कागदोपत्री रेजिमेंटमध्ये पाच सोत्निया (शंभराच्या तुकड्या), म्हणजे साधारण 500 माणसं. पण 1812 च्या, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीच्या, धामधुमीत एवढी भरती कुठली असायला! एका स्वारामागे वीस धरले तरी अठरा पुरेत.

नियमाप्रमाणे गडद निळा डगला, तशीच विजार आणि बाजूने लाल पट्टा. पण कझाक घोडा आणि कपडे स्वतःचे घेऊन चाकरीला यायचा, आपल्याकडच्या शिलेदारासारखा. त्यामुळे सगळ्यांना एकाच डबीतला निळा फासला की ते परेडला निघाल्यासारखे दिसतात. मी तीन वेगळे निळे वापरले, काहींना मळके करडे कोट दिले. फिकट निळा मुद्दाम टाळला, तो आतामान रेजिमेंटचा. लाल पट्टा थेट लाल न देता आधी तपकिरी ओढून त्यावर बारीक लाल रेघ मारली, की तो कापडात शिवल्यासारखा बसतो. आणखी एक: कझाक बुटाला आर (घोड्याला टोचायची अणी) लावत नसत, नगाइका नावाच्या आखूड चाबकावर काम भागवत. बुटावर आर दिसली तर ब्लेडने उडवा.

भाल्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. प्लास्टिकचे भाले वाकतात आणि जाडही दिसतात. ते कापून, मुठीला हँड ड्रिलने भोक पाडून 0.8 मिमीची स्टीलची तार घातली. तारेचं टोक ऐरणीवर ठोकून चपटं केलं आणि कानशीने पात्याचा आकार दिला. पितळी तार नको, दोन खेळांत वाकडी होते. भाल्याला झेंडी लावायचा मोह आवरा. ती उलानांची, म्हणजे भालेवाल्या हलक्या घोडदळाची, हौस.

आता खरा प्रश्न. बहुतेक रूल्समध्ये कझाक म्हणजे कमी गुणांचं हलकं घोडदळ. रांगेत उभे करायचे, चार्ज करायचा आणि मार खायचा. हे मला पटत नाही. त्यांची 'लावा' ही विरळ, पसरलेली रचना. म्हणून पुतळे चिकटवायला गोल बेस (तळाच्या चकत्या) घेतलेत, कुठे एक स्वार, कुठे दोन, कुठे तीन, आणि दोन बेसच्या मधे मोकळी जागा.

9-10 जुलै 1812 ला मीर (आजच्या बेलारूसमध्ये) इथे कझाकांचा सेनापती प्लातोव याच्या स्वारांनी नेपोलियनच्या बाजूच्या पोलिश उलानांना 'वेंटर'मध्ये, म्हणजे मासे धरायच्या जाळ्यात, ओढलं. पुढे थोडे स्वार आमिष म्हणून, बाकीचे बाजूंना दबा धरून. माझा रूल असा: आमिषाची सोत्निया मागे हटली की पाठलाग टाळायला शत्रूने फासा टाकायचा. 1 ते 3 पडले तर तो मागे धावणारच, आणि मग लपवलेले बेस त्याच्या बगलेला मांडायचे. उलट, शिस्तीत उभ्या पायदळावर कझाकांना चार्ज करताच येणार नाही.

गुण मोजतानाही त्याच वर्षीची मॉस्कोजवळची बोरोदिनोची लढाई आठवायची. रशियन सेनानी उवारोव आणि प्लातोव फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर गेले, तिथे फारसं काही मारलं नाही, रशियन सरसेनापती कुतुझोवही खूश नव्हता. पण नेपोलियनचा पुढचा हल्ला दोनेक तास लांबला. तेव्हा कझाकांमुळे शत्रूची जी तुकडी एक चाल थांबली, तिचा एक गुण.

पहिला चाचणी सामना मीरचाच. पोलिश उलानांच्या भाल्यांवरच्या लाल-पांढऱ्या झेंड्या तेवढ्या रंगवायच्या राहिल्यात, आणि पावसाळी हवेत स्प्रे प्रायमर पांढरा पडतो म्हणून त्यांच्या घोड्यांना ब्रशनेच प्रायमर देतोय.