नीरो, क्लॉडियस आणि आपला नहपान : सम्राटाची कीर्ती तपासायची कशी

"रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता" हे वाक्य मराठी अग्रलेखांतही वर्षातून दोन-चारदा भेटतं. फिडल हे वाद्य नीरोनंतर कित्येक शतकांनी आलं, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण वाद्याची चूक सुधारली म्हणजे काम झालं असं नाही. ही गोष्ट सांगितली कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर, हे बघायला हवं.

आग लागली इ.स. ६४ च्या जुलैत. तिची सविस्तर हकिगत रोमन इतिहासकार टॅसिटस देतो. आगीच्या वेळी तो जेमतेम आठ-नऊ वर्षांचा असावा, आणि लिहिलं त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. तो सांगतो की आग भडकली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, समुद्रकाठच्या अँटियमला होता. परत आल्यावर त्याने बेघरांसाठी मोकळी मैदानं आणि स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव मापाला तीन सेस्टर्सपर्यंत (सेस्टर्स हे रोमन नाणं) खाली आणला. शहराच्या चौदा विभागांपैकी चार शाबूत राहिले, तीन पार जमीनदोस्त झाले, सातांत थोडीफार घरं उरली. नंतरच्या बांधकामाला नियम घातले गेले : रस्ते रुंद, इमारतींच्या उंचीला मर्यादा, दोन घरांत सामाईक भिंत नको, आग विझवायचं साहित्य हाताशी हवं. आणि गाण्याचं? टॅसिटस म्हणतो, तशी अफवा पसरली होती. एवढंच. त्याच्या मागोमाग सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या स्वेटोनियसकडे अफवेची बातमी होते : नीरो मिसेनासच्या मनोऱ्यावरून आग बघत, नाटकाच्या वेशात ट्रॉयच्या विनाशाचं गीत गात होता. तिसऱ्या शतकात इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो तेव्हा गायक राजवाड्याच्या छपरावर पोचलेला असतो. तिघांची पानं शेजारी ठेवून वाचली तर गोष्ट कशी घट्ट होत गेली ते स्पष्ट दिसतं.

म्हणून नीरो सज्जन होता असं नाही. आईचा खून त्याने करवला, यावर तिघांचंही एकमत आहे. पण एकेका आरोपाचं वजन वेगळं करावं लागतं.

टॅसिटस स्वतः सिनेटर, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेचा सदस्य. सम्राटांमुळे सर्वांत जास्त गमावलं ते याच वर्गाने, आणि लिहिलंही याच वर्गाने. त्याने आपल्या 'ॲनल्स' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बजावून ठेवलंय की टायबेरियस, कॅलिग्युला, क्लॉडियस आणि नीरो यांचे इतिहास ते जिवंत असताना भीतीपोटी खोटे लिहिले गेले आणि मेल्यावर ताज्या द्वेषापोटी. इतका प्रामाणिक इशारा देणारा इतिहासकार विरळा. अडचण अशी की त्याचा हा ग्रंथ पूर्ण उरलेला नाही. पहिली सहा पुस्तकं एका हस्तलिखितामुळे वाचली, अकरा ते सोळा दुसऱ्यामुळे. मधली सात ते दहा गेली, आणि त्यांच्याबरोबर कॅलिग्युलाची अख्खी कारकीर्द. म्हणून कॅलिग्युलाबद्दल मुख्यतः स्वेटोनियस आणि डिओवर भिस्त ठेवावी लागते. "त्याने घोड्याला कॉन्सल (रोमचं सर्वोच्च पद) केलं" असं सर्रास छापतात. स्वेटोनियस फक्त "करायचा त्याचा विचार होता म्हणे" इतकंच सांगतो.

मग तपासायचं कशावर? जे त्याच काळात धातूवर किंवा दगडावर कोरलं गेलं त्यावर. याचं सर्वांत सुरेख उदाहरण क्लॉडियसचं आहे. इ.स. ४८ मध्ये त्याने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. टॅसिटसने ते दिलंय : आटोपशीर, ठाशीव, वकिली. पण मूळ भाषण कोरलेला काशाचा पत्रा १५२८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला सापडला. वरचा भाग तुटलेला, तरी दोन रकाने वाचता येतात. त्यात बोलणारा माणूस वेगळाच आहे. तो रोमच्या जुन्या राजांपासून सुरुवात करतो, राजे बाहेरून कसे आले ते सांगतो, मग रोमचा राजा सर्व्हियस टुलियस म्हणजेच एट्रस्कन (रोमच्या उत्तरेकडच्या प्राचीन लोकांच्या) परंपरेतला मास्टार्ना, या पोटकथेत शिरतो. क्लॉडियसने एट्रस्कनांचा इतिहास वीस पुस्तकांत लिहिला होता (तो आज हरवलाय), तेव्हा हे विषयांतर कुठून आलं ते कळतं. पुढे तर तो स्वतःलाच हाक मारून म्हणतो की आता मुद्द्यावर ये. टॅसिटसने मास्टार्ना गाळला, युक्तिवादाचा गाभा राखला, भाषा स्वतःची घातली. त्या काळच्या इतिहासकारांची रीतच तशी होती. त्यामुळे टॅसिटसमधलं भाषण वाचताना आशय सम्राटाचा आणि शब्द टॅसिटसचे, असं धरून चालावं.

कोरलेलं म्हणजे खरं, असंही मात्र नाही. ऑगस्टसने स्वतःच्या कर्तृत्वाचा पस्तीस कलमांचा मजकूर समाधीसमोर काशाच्या खांबांवर कोरवायला ठेवला. खांब गेले, अंकाराच्या देवळाच्या भिंतीवरची प्रत उरली. भारतातल्या राजांचे वकील आल्याची नोंद त्यात आहे. त्याचा प्रतिस्पर्धी अँटनी याचं नाव कुठेही नाही. नाणं ही तर सरकारी जाहिरातच. इ.स. १७ च्या भूकंपानंतर टायबेरियसने आशिया प्रांतातली शहरं पुन्हा उभी केली, असं त्याची नाणी सांगतात. इथे मात्र टॅसिटसच दुजोरा देतो : एकट्या सार्डिसला एक कोटी सेस्टर्स आणि पाच वर्षांची करमाफी. टायबेरियसवर रोष असलेला लेखक त्याच्या बाजूने साक्ष देतो, तेव्हा ती बिनदिक्कत घ्यावी.

नाण्याचं वजन तर मजकुरापेक्षाही बोलकं. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास एका रोमन पौंड चांदीत ८४ ऐवजी ९६ दिनार (चांदीची नाणी) पाडायला सुरुवात केली, शुद्धताही घटवली. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच नाणी प्रामुख्याने का असतात, याचं एक कारण इथे आहे : आपल्याकडचे व्यापारी धातू पारखून घेत.

ही सगळी तपासणी नाशिककरांना घराजवळ करून बघता येते. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात पश्चिम भारतातला क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण (चांदीची नाणी) गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. शिवाय एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) पस्तीस कार्षापण हा हिशेबही तिथेच कोरलाय. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचा वंश, निःशेष करणारा असं करते. वंश निःशेष झाला, पण त्याचे लेख कोणी खरवडले नाहीत. उलट त्याच तिसऱ्या लेण्यातल्या गौतमीपुत्राच्या आदेशात दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना देताना, ते आजवर उषवदाताच्या ताब्यात होतं, अशी सरळ नोंद आहे.

नाण्यांचंही तसंच. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची चिन्हं पुन्हा ठोकलेली आहेत. ठसा जरा तिरका बसला की खाली नहपानाचं नाक, केस, कडेची ग्रीक अक्षरं डोकावतात. नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा हे स्वस्त आणि झटपट होतं. रोममध्ये कॅलिग्युलाच्या खुनानंतर क्लॉडियसने त्याच्या स्मृतीवर अधिकृत शिक्षेचा ठराव होऊ दिला नाही, पण पुतळे रातोरात हलवले. पुढे सिनेटने त्याची काशाची नाणी वितळवायचं ठरवलं. ती आजही संग्रहांत आहेतच.

वाचायला बसणार असाल तर क्रम असा ठेवा : आधी अंकाराचा मजकूर, तो तासाभरात होतो. मग टॅसिटसची पहिली सहा पुस्तकं, आणि त्यातला सिनेटर पिसोवरचा खटला वाचून झाल्यावर स्पेनमध्ये काशाच्या पत्र्यांवर सापडलेला त्याच खटल्यातला सिनेटचा निकाल, तारीख १० डिसेंबर इ.स. २०. त्यानंतर लिऑनचं भाषण आणि टॅसिटसचं अकरावं पुस्तक जोडीने. स्वेटोनियस सगळ्यांत शेवटी. तो आधी वाचला की त्याच्या चटकदार गोष्टी डोक्यात बसतात आणि बाकीचं सगळं त्यांच्याच चष्म्यातून दिसायला लागतं.