तीन सिंह आणि एक हत्ती

टीव्हीवर इंग्लंडची कसोटी सुरू असली की माझं लक्ष हमखास त्यांच्या टोपीवरच्या मुकुटाखालच्या तीन सिंहांकडे जातं. कंबर अगदी चिमटीत मावेल अशी, एक पंजा उचललेला. परवा भाचीने विचारलं, "मामा, ज्याने हे काढलं त्याने सिंह बघितलाच नव्हता का?"

माझाही कित्येक वर्षं हाच समज होता. बिचारा चित्रकार, ऐकीव माहितीवर काढणार तरी काय!

पण हे तीन सिंह इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्या ११९८च्या राजमुद्रेवर, त्याच्या ढालीवर आहेत, आणि १२३५मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने इंग्लंडचाच पुढचा एक राजा तिसरा हेन्री याला ढालीवरच्या तिघांना शोभतील म्हणून चक्क तीन जिवंत बिबटे पाठवले. (असा चालता चालता समोर बघणारा सिंह ढालींवरच्या चिन्हांच्या तेव्हाच्या फ्रेंच वळणाच्या परिभाषेत 'लेपर्ड'च, म्हणजे बिबट्या.) म्हणजे नमुना टॉवर ऑफ लंडनमध्ये, राजाच्या किल्ल्यातच, गुरगुरत होता. ढालीवरच्या सिंहांत तसूभर फरक पडला नाही.

त्याहून गमतीदार मॅथ्यू पॅरिस. सेंट ऑल्बन्सच्या मठातला हा साधू. १२५५मध्ये फ्रान्सच्या राजाने हेन्रीला हत्ती धाडला, तो पाहून पॅरिसने चित्र काढलं. गुडघ्यांसकट! हत्तीला गुडघे नसतात असं तेव्हाची पुस्तकं सांगायची. आणि हाच गृहस्थ आपल्या बखरीत सरदारांच्या ढाली रंगवायचा, तेव्हा सिंह पुन्हा तसलेच, चिमटीतले.

हात बसलेला होता, नजरही होती. पण ढालीवर त्याला प्राणी काढायचाच नव्हता. शिरस्त्राणात तोंड झाकलेला स्वार लांबून, धुळीतून ओळखू यायला हवा. म्हणून अंग बारीक, पंजे मोठे, नखं आणि जीभ वेगळ्या रंगात. ढाल वर रुंद, खाली निमुळती. चार पायांवरचा खराखुरा सिंह तिच्यात ठेवला तर वरखाली नुसती मोकळी जागा. मागच्या पायांवर उभा केला, शेपूट वर वळवली, की ढाल भरली. शिवाय चिन्ह मुळात शब्दांत ठरलेलं असायचं: सोनेरी जमिनीवर पंजे उगारलेला लाल सिंह, म्हणजे स्कॉटलंडचा राजा. पुढे रंगाऱ्याचं वळण. शाळेत प्रत्येकाचा 'क' वेगळा, तरी तो 'क'च असतो ना, तसं.

हे सगळं सांगेपर्यंत इंग्लंडची विकेट गेली होती. भाचीला सिंहांचं काही पडलेलं नव्हतं. वही पुढे करून म्हणाली, "तो हत्ती काढून दे. गुडघ्यांसकट."