कॅलगरीतला एक वर्ग, निकालाच्या दुसऱ्या दिवशी

मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत, नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवते. या वर्गांना इथे ‘लिंक’ म्हणतात. माझा वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ असतो. दिवसभर ट्रक चालवून, हॉटेलातल्या खोल्या आवरून, नातवंडं सांभाळून माणसं येतात. वर्गाचे पैसे ओटावाचं केंद्र सरकार देतं, आणि नागरिकत्व मिळालं की या वर्गात बसता येत नाही. त्यामुळे मतदानाचा हक्क असलेलं माणूस वर्गात एकच, ते म्हणजे मी. आणि मी मत कुणाला दिलं हे वर्गात बोलायचं नाही, हा आमच्या कामातला दंडक.

२८ एप्रिल २०२५, सोमवारी कॅनडाच्या संसदेची निवडणूक झाली. मंगळवारी मी फळ्यावर तारीख लिहायच्या आत प्रश्न सुरू झाले. लिबरल पक्ष सगळ्यात मोठा ठरला होता, पण ३४३ जागांच्या सभागृहात बहुमताला लागतात त्या १७२ पर्यंत पोचला नव्हता. (पुढे फेरमोजण्या होऊन त्यांचा आकडा १६९ वर थांबला.) काँझर्व्हेटिव्ह पक्षाची मतं आणि जागा दोन्ही वाढल्या, आणि त्यांचे नेते पिएर पॉलिएव्ह मात्र स्वतःच्या कार्लटन मतदारसंघात पडले. २००४ पासून ते त्या भागातून निवडून येत होते. तिथल्या मतपत्रिकेवर एक्याण्णव उमेदवार होते. निषेध म्हणून काही मंडळींनी मुद्दाम अर्जांचा पाऊस पाडला होता. जवळजवळ मीटरभर लांबीचा तो कागद. मोजणी पहाटेपर्यंत चालली.

“स्वतःची जागा हरला, तरी पक्षाचा नेता कसा?” हा प्रश्न दमास्कसच्या केशकर्तनकाराचा. त्याला राजकारणातलं सगळं कळतं, फक्त क्रियापदांचे काळ जमत नाहीत. त्याला उत्तर देताना मला कार्नींची गोष्ट सांगावी लागली. लिबरल पक्षाचे मार्क कार्नी मार्चमध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ते खासदारही नव्हते. नेपियनमधून निवडून आले ते या सोमवारी. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावंच लागतं. इथे राज्यघटनेत तशी मुदतच नाही, नुसता संकेत आहे. आणि पक्षाचा नेता खासदार नव्हे, तर देशभरचे सभासद निवडतात. म्हणून जागा गेली तरी नेतेपद आपोआप जात नाही. खासदारांनी मनावर घेतलं तर मात्र ते काढूही शकतात, २०२२ मध्ये एरिन ओ’टूल यांना त्यांच्याच खासदारांनी तसं काढलं.

पंजाबी आजोबा तोवर गप्प होते. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते जगमीत सिंग बर्नाबीत तिसरे आले होते आणि रात्रीच त्यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं होतं. २०२१ मध्ये पंचवीस जागा जिंकलेला त्यांचा पक्ष सातवर आला. सभागृहात अधिकृत पक्ष म्हणून मान्यता हवी तर बारा लागतात. आजोबांनी तोंड उघडून वरच्या दातांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे दात जगमीतने बसवले.” वर्ग हसला, पण ते खरंच बोलत होते. दंतोपचाराची केंद्रीय योजना त्या पक्षाच्या दबावाखाली आली आणि सुरुवात ज्येष्ठांपासून झाली. आरोग्य हा प्रांताचा विषय असताना केंद्राने थेट दातांत हात घातला, म्हणून अल्बर्टाने २०२४ मध्ये आम्ही यातून बाहेर पडू असं ओटावाला कळवलंही होतं. आजोबांना हे माहीत नव्हतं. “दात परत मागतील का?” त्यांनी हिंदीत विचारलं. वर्गात हिंदी चालत नाही. मी हिंदीतच ‘नाही’ म्हटलं.

नेत्यांवरची चर्चा इथेच संपली असती तर एक बरा तास झाला असता. पण आजोबांच्या दातांमुळे विषय प्रांतांकडे वळला, आणि मी हातातला धडा बाजूला ठेवला. दोन टेबलं जोडली, एकावर ‘कॅनडा’ आणि दुसऱ्यावर ‘अल्बर्टा’ अशा चिठ्ठ्या ठेवल्या आणि सांगितलं, पाकिटातली कार्डं काढा आणि आपापल्या टेबलावर मांडा.

कायम रहिवासाचं कार्ड कॅनडाकडे गेलं, गाडीचा परवाना अल्बर्टाकडे. आरोग्यकार्ड अल्बर्टाचं; या श्रीमंत प्रांतात ते तेव्हाही साधा कागदच होतं, घडी घालून घालून चिंध्या झालेला. मग कार्ड नसलेल्या गोष्टी आल्या. मुलांची शाळा प्रांताची. कॅनडात केंद्रीय शिक्षण खातंच नाही, हे ऐकून सगळ्यांना धक्का बसला. घरभाड्याचे नियम आणि किमान वेतन प्रांताचं. अपवाद निघाला आमच्या एरिट्रियन ट्रकचालकाचा: तो माल घेऊन ब्रिटिश कोलंबियात जातो, म्हणून त्याच्या नोकरीला केंद्राचे कामगार कायदे लागतात, आणि शेजारी बसणाऱ्या, बेकरीत काम करणाऱ्या युक्रेनियन बाईला प्रांताचे. अल्बर्टाच्या टेबलावर जागा उरेना. रोज बातम्यांत दिसतात ते कार्नी आणि पॉलिएव्ह, आणि रोजचं जगणं दुसऱ्याच टेबलावर पडलेलं.

इथे मला पुणं आठवलं. कॅनडात येण्याआधी मी शास्त्री रोडला स्पर्धापरीक्षांच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवायची. ‘भारताने कॅनडाकडून काय घेतलं?’ एमपीएससीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा: प्रबळ केंद्र असलेलं संघराज्य, शेषाधिकार (कुठल्याच यादीत नसलेले विषय) केंद्राकडे, राज्यपालाची नेमणूक केंद्राकडून, सर्वोच्च न्यायालयाचं सल्लागारी अधिकारक्षेत्र. उत्तर बरोबरच आहे, १८६७ च्या राज्यघटनेच्या कागदावर. पण १९४९ पर्यंत कॅनडाचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं, आणि तिथल्या न्यायाधीशांनी निकालामागून निकाल प्रांतांच्या बाजूने दिले. केंद्राचा शेषाधिकार आक्रसत गेला आणि प्रांतांच्या यादीतला ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ हा विषय फुगत गेला. प्रांताचा कायदा रद्द करायचा अधिकार ओटावाकडे अजून कागदोपत्री आहे, शेवटचा वापर १९४३ मध्ये, तोही अल्बर्टाच्याच कायद्यावर. राज्यपालांविषयी तर विचारूच नका. १९३७ मध्ये अल्बर्टाच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी विधेयकं अडवून ठेवली, तेव्हा प्रांताच्या सरकारने पुढच्या वर्षी त्यांचा बंगला बंद केला आणि गाडी काढून घेतली. आपल्याकडच्या एखाद्या मुख्यमंत्र्याच्या मनात असलं कधी आलंच नसेल, असं काही म्हणवत नाही.

आणि तेल. भारतात तेलक्षेत्रांचं नियमन केंद्र सूचीत आहे. इथे जमिनीखालची संपत्ती प्रांताची. तीही सहज मिळालेली नाही. १९०५ मध्ये अल्बर्टा प्रांत झाला तेव्हा जमिनी आणि खनिजं ओटावाने स्वतःकडेच ठेवली होती. ती १९३० मध्ये सुटली. म्हणून १९८० मध्ये केंद्राने ऊर्जा धोरण आणून तेलाच्या भावाला हात घातला, तो राग इथे अजून जेवणाच्या टेबलावर निघतो. कमी उत्पन्नाच्या प्रांतांना केंद्र देतं त्या समतोल अनुदानाचंही तसंच. क्वेबेकला २०२५-२६ साठी तेरा अब्ज डॉलरहून जास्त ठरले, अल्बर्टाला १९६०च्या दशकापासून एक सेंटही नाही. हे पैसे अल्बर्टाच्या तिजोरीतून जात नाहीत, देशभरच्या केंद्रीय करांतून जातात. पण मुंबईचा कर कुठे जातो यावर वाद घातलेल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागत नाही.

एवढ्यात केशकर्तनकाराने फोन वर धरला. त्याच दुपारी अल्बर्टाच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने एडमंटनच्या विधानसभेत विधेयक मांडलं होतं: नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत मागायची अट सैल करायची. आधी घटनात्मक प्रश्नावर सुमारे सहा लाख सह्या लागत, आता एक लाख सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास पुरणार, आणि मुदत नव्वदऐवजी एकशेवीस दिवस. स्मिथबाई म्हणत होत्या की मी स्वतः अल्बर्टाने कॅनडातून फुटून निघण्याच्या बाजूची नाही. पण सगळ्यांना कळलं होतं की सह्या कशासाठी गोळा होणार.

ट्रकचालकाचा चेहरा खुलला. १९९३ च्या एप्रिलमध्ये एरिट्रियात सार्वमत झालं तेव्हा तो लहान होता. आई त्याला हात धरून रांगेत घेऊन गेली होती. ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला. “माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस,” तो म्हणाला. “लोकांना विचारलं तर वाईट काय?”

युक्रेनियन बाई खेरसोनची. ती नुकतीच कायम रहिवासी झाली आहे, वर्गात मोजकंच बोलते. ती उभी राहिली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या दारात मतपेटी आली होती, आणि पेटीबरोबर बंदूकधारी रशियन सैनिक. “तुझ्या पेटीजवळ कोण उभं होतं?” तिने त्याला विचारलं.

“संयुक्त राष्ट्रांचे लोक.”

“आणि नंतर? त्यानंतर किती निवडणुका झाल्या तुझ्या देशात?”

तो काही बोलला नाही. देशपातळीवरची एकही झालेली नाही. तो इथे आहे तो त्याच कारणाने. थोड्या वेळाने तो म्हणाला की दोष त्या दिवसाचा नाही, नंतर आलेल्या माणसांचा आहे. ती म्हणाली, माणसं नेहमी नंतरच येतात. दोघांचं इंग्रजी तुटकं, आवाज चढलेले. असा वाद आवरायचं शिक्षण आम्हाला दिलेलं नसतं. मी मध्ये पडले नाही, फक्त टेबलावरची कार्डं गोळा करून ज्याची त्याला द्यायला लागले.

मग ती माझ्याकडे वळली. “इथे पेटीजवळ कोण उभं राहणार?” याचं उत्तर माझ्याकडे होतं. प्रांताचा स्वतंत्र निवडणूक विभाग, सरकारपासून अलग. आणि होकार आला तरी दुसऱ्या दिवशी सीमेवर चौकी बसत नाही. १९९५ मध्ये क्वेबेक ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्क्यांनी देशात राहिलं, त्यानंतर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्यांना वाटाघाटीला बसावं लागेल. स्पष्ट म्हणजे किती, हे २००० च्या कायद्यानेही आकड्यात सांगितलेलं नाही. शिवाय आम्ही बसलो होतो ती जमीन १८७७ च्या सातव्या कराराची. मूळनिवासी राष्ट्रांनी तो करार राजसत्तेशी केला तेव्हा अल्बर्टा नावाचा प्रांतच नव्हता. मग प्रांत ही जमीन कुणाच्या परवानगीने घेऊन जाणार? ट्रकचालकाने हे वहीत उतरवून घेतलं. त्याची नागरिकत्वाची परीक्षा जवळ आली होती, असले प्रश्न तिथे येत नाहीत हे मी त्याला सांगितलं नाही.

नऊ वाजायला आले तेव्हा कोलंबियन बाईंनी हात वर केला. त्या बोगोटात गणित शिकवत. इथे शिक्षकाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून त्यांनी आपल्या खासदाराला पत्रं पाठवली होती आणि दर वेळी गोड भाषेत तेच उत्तर आलं होतं, हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपल्याला टाळतायत. “म्हणजे मी चुकीच्या टेबलावर पत्र ठेवत होते?”

“हो. आमदाराला लिहा. इथे एमएलए म्हणतात.”

त्यांच्या मतदारसंघाच्या आमदाराचं कार्यालय फोनवर शोधलं. मायना कसा, विनंती कुठल्या परिच्छेदात, अर्जाचा क्रमांक कुठे, हे सगळ्यांनी मिळून फळ्यावर रचलं. सफाई कामगार दारात किल्ल्या वाजवत उभे राहिले. खेरसोनची बाई तिकडे हिशेबनीस होती. तिने ‘गणित शिक्षिका’ खोडून आपला व्यवसाय घातला आणि पत्र उतरवून घेतलं. केशकर्तनकाराला मात्र पत्र नकोच होतं. त्याला दुकानाचं भाडं वाढलं होतं त्याची तक्रार करायची होती, आणि ती कुठल्या टेबलावर जाते हे त्याला त्याच रात्री हवं होतं.